चिंध्यांची भिंत

शिंप्याच्या दुकानात जमिनीवर पडलेल्या चिंध्या तुम्ही पाहिल्या असतील. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी येथील यंत्रमागांवरही तुटका धागा आणि कापडाच्या कडा रोज निघतात. हा कचरा भिंतीत घालता येईल का?

कल्पना तशी जुनीच आहे. खेड्यात भिंत लिंपण्याच्या मातीत गवताचा भुसा आणि शेण मिसळतात. का बरे? माती वाळताना आकसते व तिला तडे जातात. भुशातले तंतू तड्याचे दोन्ही काठ धरून ठेवतात.

काँक्रीटचेही असेच आहे. ते दाब उत्तम सोसते. पण ताण सोसण्याची त्याची शक्ती त्याच्या सुमारे दहाव्या हिश्शाएवढीच असते. त्यात आखूड तंतू मिसळले, तर बारीक तडे लवकर रुंदावत नाहीत. अर्थात, तुळईतील लोखंडी सळयांची जागा हे तंतू घेऊ शकत नाहीत.

मात्र येथे कोणताही धागा चालत नाही. ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते; त्याचा पीएच 12 च्या वर असतो. अशा माध्यमात कापसाचे तंतू हळूहळू कमजोर होतात. पॉलिएस्टरही झिजते. पॉलिप्रोपिलीन मात्र टिकते. म्हणून आधी चिंध्या निवडाव्या लागतात. आणि खरी अडचण येथेच आहे. टेरिकॉटमध्ये कापूस आणि पॉलिएस्टर एकत्र कातलेले असतात. ते वेगळे कसे करणार?

मग सुती चिंध्या वायाच गेल्या का? नाही. त्या पिंजून त्यांची गादी भिंतीच्या पोकळीत बसवतात. तंतूंमध्ये अडकलेली स्थिर हवा उष्णतेची मंदवाहक असते, त्यामुळे घर उन्हाळ्यात कमी तापते. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या 2008 साली खुल्या झालेल्या इमारतीत जुन्या जीन्सचा कापूस असाच वापरला आहे. कापूस पेट घेतो, म्हणून अशा गादीवर बोरॉनच्या संयुगांची प्रक्रिया करतात. ती कोरडी राहील, हेही पाहावे लागते.

आता तुम्हीच एक प्रयोग करा. चिखलाच्या दोन सारख्या पट्ट्या बनवा. एकीत बोटाच्या पेराएवढे धागे कापून मिसळा. दोन्ही सावलीत वाळवा. मग प्रत्येक पट्टी दोन विटांवर आडवी ठेवून मध्यभागी वजन वाढवत जा. कोणती पट्टी एकदम मोडते आणि कोणती तडा जाऊनही लोंबत राहते? धागे दुप्पट केले, तर बळही दुप्पट होते का? करून पाहा आणि वहीत नोंदवा.