नखावर मोती, एका दाबात

पुण्यात बोहरी आळीत किंवा तुळशीबागेत खडे-मोती घेताना सपाट पाठीचेच मागा. गोल मणी नखावर टिकत नाहीत. खड्यांचं माप ‘एसएस’मध्ये असतं. एसएस ५ म्हणजे जेमतेम १.८ मिमी, करंगळीलाही चालतो.

चिमट्याने एकेक खडा ठेवताना हात थरथरतो. त्यापेक्षा नक्षी आधी ताटलीत मांडा, चकाकती बाजू वर. सिलिकॉनचा पारदर्शक स्टॅम्पर अलगद टेकवला की अख्खी नक्षी त्याला चिकटून येते. नखावर जाडसर जेलचा ओला थर हवा. आरपार बघून एकदाच दाबा, सावकाश उचला. खडे स्टॅम्परलाच राहिले तर तो फार चिकट आहे. आधी बोटाने चाचपून चिकटपणा कमी करा. लॅम्पखाली जेल वाळवताना बोट तिरकंही धरा, कारण खड्याच्या पाठीचा चंदेरी थर प्रकाश अडवतो. टॉप कोट खड्यांवर फासू नका, चमक मरते. फक्त कडेने भरा.

पेशवाई नथीला जुळावं म्हणून नवऱ्यामुली दहाही नखं मढवतात. खरं तर अनामिका पुरे! आणि प्लास्टिकचे मोती काढताना ॲसिटोनने खराब होतात, त्यामुळे ते पुन्हा वापरायचा बेत करू नका.