रक्तपेढीच्या नळीतून साथीचा माग

कोरोना साथीच्या पहिल्या वर्षी रोज जाहीर होणारा रुग्णांचा आकडा प्रत्यक्षात चाचणी झालेल्यांपैकी बाधितांचा होता. ज्यांना लक्षणेच नव्हती किंवा जे चाचणी केंद्रापर्यंत पोहोचले नाहीत, ते त्यात नव्हते. मुंबईत जुलै २०२० मध्ये तीन विभागांत झालेल्या सर्वेक्षणात झोपडपट्टीतील सुमारे ५७ टक्के, तर अन्य वस्त्यांतील सुमारे १६ टक्के रहिवाशांच्या रक्तात प्रतिपिंडे अर्थात अँटिबॉडी आढळल्या. नोंदीतील आकड्यांहून संसर्ग कितीतरी पुढे गेला होता.

मात्र घरोघरी जाऊन रक्तनमुने घेणे खर्चिक आणि वेळखाऊ असते. दर महिन्याला ते करणे जवळपास अशक्यच. त्यामुळे अनेक देशांच्या संशोधकांचे लक्ष रक्तपेढ्यांकडे वळले. तेथे लोक स्वतःहून येतात, रक्त घेतले जातेच आणि एचआयव्ही, कावीळ यांसारख्या आजारांसाठी ते तपासलेही जाते. त्याच नमुन्यावर आणखी एक चाचणी केली की साथीची पावले महिन्यागणिक मोजता येतात. साठवलेले जुने नमुने हाताशी असल्यास मागील काळाचाही हिशेब लागतो.

या पद्धतीची ताकद आणि मर्यादा या दोन्हींचे सर्वांत बोलके उदाहरण ब्राझीलमधील मानाउस शहराचे आहे. अॅमेझॉनच्या खोऱ्यातील वीस लाखांहून अधिक वस्तीच्या या शहरात २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत मृत्यूंचे थैमान झाले. रक्तदात्यांच्या नमुन्यांत जूनमध्ये सुमारे ४४ टक्क्यांमध्ये प्रतिपिंडे आढळली. त्यानंतर हे प्रमाण घटू लागले. एकदा संसर्ग झालेल्यांची संख्या तर कमी होऊ शकत नाही. मग प्रमाण का घटले? कारण शरीरातील प्रतिपिंडे काळानुसार विरळ होत जातात आणि काही चाचण्यांच्या पकडीत येईनाशी होतात. ही घट हिशेबात धरून संशोधकांनी ऑक्टोबरपर्यंत शहरातील ७६ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याचा अंदाज मांडला. साओ पाउलोसाठी हाच अंदाज २९ टक्के होता. हे निष्कर्ष डिसेंबर २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

एवढ्या संसर्गानंतर साथ ओसरावी, अशी अपेक्षा गैर नव्हती. प्रत्यक्षात जानेवारी २०२१ मध्ये मानाउसची रुग्णालये पुन्हा भरली, प्राणवायू संपला आणि रुग्ण गुदमरून दगावले. ७६ टक्क्यांचा अंदाज फुगलेला होता, पहिल्या संसर्गाची प्रतिकारशक्ती ओसरली होती, की पुढे ‘गॅमा’ नावाने ओळखला गेलेला नवा उपप्रकार तिला चकवत होता, यावर तज्ज्ञांत बराच खल झाला. यातील एकाच कारणावर बोट ठेवणे कठीण आहे.

अंदाज फुगण्याची शंका निराधार नव्हती, कारण रक्तदाता म्हणजे समाजाचा हुबेहूब नमुना नव्हे. लहान मुले आणि अतिवृद्ध त्यात नसतात. आजारी व्यक्तीला रक्तदान करू दिले जात नाही. उलट, साथीच्या काळात बाहेर पडणारा धडधाकट तरुण त्यात अधिक दिसतो. अमेरिकेत तर रेड क्रॉसने जून २०२० पासून दात्यांना प्रतिपिंड चाचणीचा निकाल मोफत कळवण्यास सुरुवात केली. आपल्याला कोरोना होऊन गेला असावा, अशी शंका असलेले लोक केवळ त्यासाठी रक्तदानाला आले असतील, तर आकडा आपसूकच वर सरकतो. वय, लिंग आणि वस्तीनुसार आकड्यांना योग्य वजन देऊन ही त्रुटी काही अंशीच भरून काढता येते.

लसीकरणानंतर प्रश्न आणखी गुंतागुंतीचा झाला. बहुतेक पाश्चात्त्य लसी विषाणूवरील काटेरी प्रथिनाविरुद्धच प्रतिपिंडे निर्माण करतात. नैसर्गिक संसर्गात विषाणूच्या आतील ‘एन’ प्रथिनाविरुद्धही ती तयार होतात. दोन्हींची चाचणी केल्यास लस आणि संसर्ग यांची फारकत करता येते. त्याच आधारे अमेरिकेतील रक्तदात्यांच्या अभ्यासात मे २०२१ मध्ये संसर्गजन्य प्रतिपिंडांचे प्रमाण सुमारे २० टक्के, तर लसीसह एकूण प्रमाण सुमारे ८३ टक्के असल्याचे दिसले.

भारतात मात्र ही युक्ती सरसकट चालत नाही. कोव्हॅक्सिनमध्ये संपूर्ण निष्क्रिय विषाणू असल्याने ती लस घेतलेल्यांच्या रक्तातही ‘एन’ प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे सापडू शकतात. अशा दात्याने कोणती लस घेतली होती, हे रक्तपेढीच्या अर्जातच नोंदवले नसेल, तर नळीतील रक्त पाहून ते सांगता येत नाही.