जबडा सांधणारे तीन स्क्रू

केळीला घड धरला की रावेरचा शेतकरी दोन बांबूंची कात्री करून टेकू देतो. एकट्या बांबूवरून खोड वाऱ्यात घसरते. जबड्याचेही तसेच आहे. पुढे आलेला खालचा जबडा मागे घ्यावयाचा, तर दोन्ही बाजूंचे हाड जाडीतून चिरून त्याच्या फळ्या एकमेकींवरून सरकवितात. ही रीत ओब्वेगेसर यांनी १९५७ साली प्रसिद्ध केली. तेव्हा सांधा तारेने बांधीत; तार ढिली पडे, म्हणून रोग्याचे दात सुमारे सहा आठवडे आवळून ठेवीत. पेजेवरच दिवस काढावयाचे! १९७४ साली स्पीसल यांनी स्क्रू आणले. चाचण्यांत एका ओळीतल्या तीन स्क्रूंपेक्षा त्रिकोणात बसविलेले तीन अधिक ताठ ठरले. टायटॅनियमची एकच छोटी पट्टी त्याहून लवचिक. तरी ती पुरते, कारण शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे माणसाला पूर्ण जोराने चावताच येत नाही. भाकरी तोवर दुधात कुस्करूनच.