जेट उडवण्याआधी

मॉडेल जेट जोडायला नागपुरातल्या सक्करदऱ्यातली गच्ची पुरते, उडवायला नाही. सोनेगावचा विमानतळ फार लांब नाही. ड्रोन नियम, 2021 नुसार विमानतळाच्या हद्दीपासून 5 किलोमीटरपर्यंत लाल क्षेत्र, 8 पर्यंत पिवळं. परवानगीशिवाय दोन्हीकडे मनाई. या क्षेत्रांचा नकाशा आधी पाहा.

मग गुरुत्वमध्य. बॅटरी जागेवर बसवून विमान पंखांखाली दोन बोटांवर तोला. नाक किंचित झुकलं तर चालेल, शेपूट जड मुळीच नको. जेटमध्ये पंख्याचा झोत शेपटीवरून जात नाही. वेग येईस्तोवर शेपटीवरच्या दिशा वळवणाऱ्या पट्ट्या निकाम्याच, म्हणून धावपट्टी लांब हवी. रिमोटचा संपर्क तुटताच मोटर बंद पडते ना, हे जमिनीवरच तपासा. नागपूरच्या मे महिन्यात हवा विरळ, रेटा कमी. पहिलं उड्डाण डिसेंबरातल्या सकाळीच करा.