वार्धक्याचे घर

पानिपत म्हटले की मराठी मनाला १७६१ चा रणसंग्राम आठवतो. आजचे पानिपत मात्र चादरी, सतरंज्या आणि कांबळी विणणारे शहर आहे. मागावर आयुष्य वेचलेल्या कारागिराचे हात थकले, की त्याने राहावे कोठे?

ज्येष्ठ नागरिकांसंबंधीच्या २००७ च्या कायद्यातील १९ व्या कलमाने या प्रश्नाचा अंशतः विचार केला आहे. प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान १५० निर्धन वृद्धांना सामावणारा आश्रम राज्य सरकार स्थापू शकेल, असे ते कलम सांगते. ‘स्थापू शकेल’ या शब्दांत सक्ती नाही. शिवाय ज्याच्यापाशी थोडीबहुत पुंजी आहे, तो निर्धनांत मोडेलच असे नाही; आणि बाजारभावाचे भाडे तर त्याला झेपत नाही. खरी अडचण या मधल्या माणसाची आहे.

२०१५ च्या प्रधानमंत्री आवास योजनेने घरांचे वाटप करताना वृद्ध असलेल्या कुटुंबांना शक्यतो तळमजला अथवा खालचे मजले द्यावेत, असे सुचविले. सूचना लहान, परंतु मर्म जाणणारी. गुडघे धरलेल्या माणसाला जिना म्हणजे कैदच होय.

वृद्धाला अखेर हवी असते ती ओळखीच्या गल्लीतली, परवडणाऱ्या भाड्याची, आतून कडी लावता येईल अशी एक खोली.