डिबगरची परीक्षा कोण घेतं?

आपला प्रोग्रॅम चुकला की आपण डिबगर उघडतो. ब्रेकपॉइंट लावतो, व्हेरिएबलची किंमत विचारतो आणि तो सांगेल ते खरं धरून पुढे जातो. पण डिबगर हासुद्धा एक प्रोग्रॅमच आहे. त्यानेच चुकीची किंमत दाखवली तर? तुम्ही बरोबर असलेला कोड ‘दुरुस्त’ करत बसाल, आणि त्या कोडच्या आकड्यांवर उभं असलेलं प्रबंधातलं प्रकरण डळमळेल. म्हणून डिबगर कसा तपासतात हे संशोधनाकडे वळणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी बघावं. उदाहरण म्हणून जीडीबी घेऊ.

जीडीबी रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहिला. तो कमांड लाइनवर चालतो. म्हणजे तुम्ही एक ओळ टाइप करता, तो उत्तर देतो आणि पुन्हा प्रॉम्प्ट दाखवून थांबतो. हा एक संवाद आहे. साध्या फंक्शनची चाचणी सोपी असते: इनपुट द्या, आउटपुट ताडून बघा. इथे मात्र माणसाच्या जागी बसून बोलणारं कुणीतरी हवं. ते काम डॉन लिब्स यांचं ‘एक्सपेक्ट’ करतं. ते जीडीबीला खोट्या टर्मिनलवर चालवतं, कमांड पाठवतं, आणि अपेक्षित मजकूर येईपर्यंत किंवा ठरलेली वेळ संपेपर्यंत वाट पाहतं. त्यावर ‘डेजाग्नू’ नावाची चौकट आहे. चाचण्या टीसीएल भाषेत लिहितात.

आता खरी मेख बघा. समजा एक्सची किंमत १० आहे. तुम्ही ‘प्रिंट एक्स’ पाठवता आणि नमुना म्हणून नुसतं ‘१०’ देता. जीडीबीची नेहमीची चाचणी-प्रक्रिया नमुन्यानंतर लगेच नवी ओळ आणि प्रॉम्प्ट आहे का ते बघते, त्यामुळे उत्तर १०० आलं तर चाचणी नापास होते. पण नमुन्याच्या डाव्या बाजूला तसं बंधन नसतं. म्हणजे जीडीबीने ११० असं चुकीचं उत्तर दिलं तरी चाचणी पास! म्हणून अनुभवी मंडळी नमुन्यात आधीचं बरोबरचं चिन्हही लिहितात: ‘= १०’. एका चिन्हाचा फरक, पण त्याच्याशिवाय चाचणी असून नसल्यासारखी.

दुसरी गोष्ट वातावरणाची. सी प्रोग्रॅममध्ये ‘चिचगड’ ही स्ट्रिंग ठेवा. यूटीएफ-८ मध्ये च, इकार, च, ग, ड या पाच चिन्हांचे प्रत्येकी ३ असे १५ बाइट होतात, शेवटचा शून्य धरून १६. लोकेल यूटीएफ-८ असेल तर जीडीबी आपल्या गावाचं नाव नीट दाखवतो. लोकेल ‘सी’ असेल तर त्याच जागी ३४०, २४४, २३२ असे ऑक्टल आकडे दिसतात. मेमरी तीच, डिबगर तोच, उत्तर मात्र वेगळं दिसतं. दोन्ही बरोबरच आहेत! म्हणूनच चाचणी-संच सुरुवातीलाच लोकेल ठरवून टाकतो. नाहीतर एकाच्या लॅपटॉपवर पास झालेली चाचणी दुसऱ्याकडे नापास होईल. तुमच्या प्रयोगाच्या अटी लिहून ठेवायच्या म्हणजे काय, तर हेच.

तिसरी गोष्ट निकाल वाचण्याची. इथे पास आणि फेल एवढेच शेरे नसतात. जीडीबीतलाच माहीत असलेला दोष ‘केफेल’, कंपायलर किंवा सिस्टिमसारख्या बाहेरच्या कारणाने अपेक्षित असलेलं अपयश ‘एक्सफेल’, त्या मशीनवर ती सोयच नसेल तर ‘अनसपोर्टेड’, आणि चाचणी चाललीच नाही तर ‘अनटेस्टेड’. चाचणीचा नमुना-प्रोग्रॅम कंपाइल झाला नाही की बऱ्याचदा हाच शेवटचा शेरा मिळतो. म्हणून ‘फेल शून्य’ याचा अर्थ ‘सगळं ठीक’ असा होत नाही. अर्ध्या चाचण्या चालल्याच नसतील तरीही फेल शून्यच येईल.

जुन्या, संथ लॅपटॉपवर आणखी एक गंमत होते. उत्तर बरोबर असतं, पण यायच्या आत वेळ संपते आणि फेल पडतो. हा दोष डिबगरचा की मशीनचा? ओळखायचा साधा उपाय असा: बदल करण्याआधी संच दोनदा चालवा. दोन्ही वेळा ज्यांचे निकाल वेगळे आले, त्या चाचण्या बाजूला काढा. मग बदल करा, पुन्हा चालवा आणि सारांशाच्या फाइली ओळीला ओळ लावून ताडा. एकूण बेरीज बघू नका. एक चाचणी सुधारली आणि दुसरी बिघडली तर बेरीज तीच राहते.

एक प्रश्न तरी उरतोच: बरोबर उत्तर कोणतं हे चाचणीला कोण सांगणार? वर ते माणसाने लिहून दिलं होतं. डॅनियल लेमन आणि मायकेल प्राडेल यांनी २०१८ मध्ये वेगळी वाट दाखवली. एकच प्रोग्रॅम आणि त्याच डिबगिंगच्या क्रिया फायरफॉक्स आणि क्रोमियम या दोन्हींच्या डिबगरना द्यायच्या, आणि उत्तरं कुठे जुळत नाहीत ते शोधायचं. जुळलं नाही तर दोघांपैकी कुणीतरी चुकत असण्याची शक्यता आहे. पण जुळलं म्हणजे दोघंही बरोबर, असं मात्र नाही.

या सगळ्यासाठी मोठी लॅब लागत नाही. जीडीबीचा सोर्स मोफत आहे, आणि एकदा उतरवून घेतला की चिचगडला नेट गेलं तरी चाचण्या चालतात. ‘जीडीबी डॉट बेस’ फोल्डरमधली एक छोटी चाचणी निवडा. तिचा नमुना मुद्दाम चुकीचा करा आणि ती नापास होते का बघा. जी चाचणी कधी नापासच होऊ शकत नाही, तिच्या पास होण्याला किंमत नाही. तुमच्या स्वतःच्या प्रयोगालाही हीच कसोटी लावा.