संवाद विसरलेली अभिनेत्री

सप्टेंबर २००६ मध्ये फ्रान्समधील एका लोकप्रिय साप्ताहिकात बातमी आली आणि सारा देश हळहळला. ॲनी जिरार्दो या ज्येष्ठ अभिनेत्रीला अल्झायमरचा आजार झाला होता. त्या वेळी त्या पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर होत्या. तोवर त्यांच्या निकटच्या माणसांनी ही गोष्ट सांभाळून ठेवली होती. काम सुरूच होते. फक्त रंगमंचावर आणि चित्रीकरणात त्यांच्या कानात एक लहानसे यंत्र बसवले जाई आणि त्यातून कोणीतरी हलक्या आवाजात पुढचा संवाद सांगत असे. संवाद कानावर पडला की तो ओठांवर येताना त्यात पूर्वीचाच जिवंतपणा उतरत असे.

ज्या घरात एखादी वडीलधारी व्यक्ती हळूहळू विसरू लागली आहे, त्या घराला हे दृश्य परके वाटणार नाही. आपणही पाहुण्यांसमोर आजोबांना नाव सुचवतो, चुकलेले वाक्य सावरून घेतो आणि कोणाच्या लक्षात आले नाही ना, हे पाहतो. म्हणूनच जिरार्दो यांची जीवनकथा केवळ चित्रपटरसिकांची राहत नाही.

परिचर्येकडून रंगभूमीकडे

ॲनी जिरार्दो यांचा जन्म २५ ऑक्टोबर १९३१ रोजी पॅरिसमध्ये झाला. आई प्रसूतीचे काम करणारी परिचारिका होती आणि मुलीनेही आरंभी तीच वाट धरली होती. पुढे मात्र नाटकाच्या ओढीने त्या पॅरिसच्या नाट्यशिक्षण संस्थेत दाखल झाल्या. १९५४ मध्ये तेथून गौरवासह बाहेर पडून त्यांनी ‘कोमेदी-फ्राँसेझ’ या फ्रान्सच्या मानाच्या नाट्यसंस्थेत प्रवेश मिळवला. १९५६ मध्ये झाँ कॉक्तो यांच्या नाटकातील त्यांचे काम पाहून, युद्धोत्तर काळातील सर्वांत सुंदर नाट्यप्रकृती, अशा आशयाचे उद्गार खुद्द कॉक्तो यांनी काढले. तरीही संस्थेची सुरक्षित चौकट सोडून त्या चित्रपटाकडे वळल्या.

१९६० मध्ये इटालियन दिग्दर्शक लुकिनो व्हिस्कोंती यांच्या ‘रोक्को आणि त्याचे भाऊ’ या चित्रपटात त्यांनी नादिया ही दोन भावांच्या प्रेमात भरडली गेलेली वेश्या साकारली आणि त्यांचे नाव युरोपभर झाले. पडद्यावर नादियाची हत्या करणारा नट रेनातो साल्व्हातोरी याच्याशीच १९६२ मध्ये त्यांचा विवाह झाला. त्याच वर्षी कन्या जुलिया हिचा जन्म झाला.

त्यानंतरच्या दीड-दोन दशकांत त्या फ्रेंच प्रेक्षकांच्या घरच्याच झाल्या. आखूड केस, किंचित घोगरा आवाज आणि भरभर बोलण्याची ढब असलेली ही स्त्री देखणेपणाच्या रूढ साच्यात बसत नव्हती. शिक्षिका, डॉक्टर, नोकरदार, एकटी राहणारी प्रौढा अशा भूमिकांत सामान्य बायकांना स्वतःचा चेहरा दिसे. १९७६ च्या चित्रपटात त्यांनी रुग्णालयात अहोरात्र राबणारी डॉक्टर फ्राँस्वाझ गायाँ रंगवली. इतरांवर उपचार करता करता घर आणि स्वतःची प्रकृती या दोहोंकडे दुर्लक्ष झालेल्या या बाईला एके दिवशी कळते, की आपल्यालाच फुप्फुसाचा कर्करोग झाला आहे. या भूमिकेसाठी १९७७ मध्ये त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा ‘सेझार’ हा फ्रान्समधील सर्वोच्च चित्रपट पुरस्कार मिळाला. रुग्णसेवेत स्वतःला विसरणारी ती डॉक्टर आजही अनेक शुश्रूषा करणाऱ्यांना ओळखीची वाटेल.

उणीव आणि पुनरागमन

१९८० च्या दशकात वारे फिरले. स्वतःचा पैसा घातलेला एक संगीतमय रंगमंचीय कार्यक्रम कोसळला आणि चित्रपटांतील कामही ओसरू लागले. पन्नाशी ओलांडलेल्या अभिनेत्रीसाठी भूमिका लिहिल्या जात नाहीत, हे दुःख त्यांच्याही वाट्याला आले.

१९९६ मध्ये क्लोद लेलूश यांच्या ‘ले मिझेराब्ल’मधील सहायक भूमिकेसाठी सेझार स्वीकारताना त्या व्यासपीठावर रडल्या. फ्रेंच चित्रपटसृष्टीला माझी उणीव भासली की नाही ते ठाऊक नाही, पण मला तिची उणीव फार भासली, असे त्या म्हणाल्या. आपण अजून पुरत्या मेलेलो नाही असे वाटते, हेही त्यांनी सांगितले. निवृत्तीनंतर घरात बसलेल्या कित्येक कर्तबगार माणसांच्या मनातले हे वाक्य आहे.

२००२ मध्ये ‘पियानोवादिका’ या चित्रपटातील करड्या आईच्या भूमिकेसाठी त्यांना पुन्हा सेझार मिळाला. त्यात त्यांची कन्या झालेली इझाबेल ह्युपेर हीच पंचवीस वर्षांपूर्वी डॉक्टर गायाँचीही मुलगी झाली होती. याच काळात ‘मादाम मार्गरीत’ या नाटकातील शिक्षिकेची एकपात्री भूमिका त्या पुन्हा करीत होत्या. १९७४ पासून त्यांच्या अंगात भिनलेली ही भूमिका. पण स्मृतीचा धागा सुटत चालला होता.

काय हरवते, काय उरते

अल्झायमरमध्ये मेंदूतील पेशी हळूहळू नष्ट होतात. नव्या आठवणी साठवणारा भाग बहुधा प्रथम बाधित होतो. म्हणून सकाळी काय खाल्ले हे आठवत नाही, पण बालपणीचा वाडा स्पष्ट दिसतो. वर्षानुवर्षे सरावाने अंगवळणी पडलेल्या गोष्टी, सूर, आवाजाचे चढउतार आणि भावना त्या मानाने पुष्कळ काळ टिकून राहतात. शब्द सुटले तरी शब्दांमागचा भाव उरतो तो यामुळेच. पुढे मात्र हेही ओसरते. अखेरच्या वर्षांत आपण कधी अभिनेत्री होतो, याचेही भान जिरार्दो यांना राहिले नव्हते.

२००७ मध्ये जुलिया यांनी आईच्या स्मृतीविषयी पुस्तक लिहिले आणि २००८ मध्ये जिरार्दो यांच्या आजारपणावरचा माहितीपट फ्रेंच दूरचित्रवाणीवर दाखवला गेला. येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. जी व्यक्ती स्वतःची संमती पूर्णपणे समजून देऊ शकत नाही, तिची दुर्बलता जगासमोर मांडावी का? आईची झाकली मूठ झाकलीच राहू द्यावी, असे वाटणाऱ्या मुलांची माया खोटी नसते. दुसरीकडे, एवढ्या लाडक्या अभिनेत्रीलाही हा आजार होतो हे कळल्यावर त्याविषयी बोलण्याचा संकोच सैल होतो. वेड, म्हातारचळ असे शब्द मागे पडून आजाराचे नाव घेतले जाते.

या प्रश्नाचे एकच उत्तर नाही. मात्र प्रसिद्धी आणि लपवणूक यांच्यामध्ये एक तिसरी वाट आहे. डॉक्टर, जवळचे नातलग, शेजारी आणि घरी येणारे मदतनीस यांना वेळीच विश्वासात घेणे ही ती वाट. रुग्णाला समजत असतानाच त्याची इच्छा विचारून ठेवावी : कोणाला सांगायचे, पैशाचे व्यवहार कोणी पाहायचे, पुढे कोठे राहायचे.

घरच्यांसाठी काही गोष्टी

विस्मरण जाणवू लागले की वयाचा परिणाम म्हणून सोडून देऊ नये. थायरॉइडचे विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य किंवा औषधांचे दुष्परिणाम यांमुळेही स्मृती मंदावते आणि त्यांवर उपचार होऊ शकतात. म्हणून तपासणी लवकर करून घ्यावी.

‘मला ओळखलंत का?’ अशी परीक्षा घेऊ नये. ‘आई, मी सुनीता, चहा आणलाय’ असे म्हणावे. आठवणीचा भार आपण उचलावा. जिरार्दो यांच्या कानातले यंत्र हेच करीत होते. चूक दाखवण्याऐवजी पुढचा शब्द हळूच पुरवत होते. जुनी गाणी, ओव्या, परिचित कामे सोबत करावीत. यश-अपयश मोजू नये.

आणि डॉक्टर गायाँ लक्षात ठेवावी. शुश्रूषा करणाऱ्यानेही आपली झोप, आपली तपासणी आणि आठवड्यातील काही तास स्वतःसाठी राखावेत. मदत मागणे म्हणजे कर्तव्यात कसूर नव्हे.

२८ फेब्रुवारी २०११ रोजी पॅरिसमधील रुग्णालयात, एकोणऐंशीव्या वर्षी ॲनी जिरार्दो यांचे निधन झाले. आपण अभिनेत्री होतो हे त्यांच्या मनातून केव्हाच पुसले गेले होते. त्यांच्या वतीने ते लक्षात ठेवण्याचे काम कन्येने आणि प्रेक्षकांनी केले. आपल्या घरातील विसरणाऱ्या माणसासाठीही हे काम आपल्यालाच करायचे असते.